पोटरीतली गुठळी

लोणी देवकर, ३ मे २०२१

चि. राजनंदिनीस दादाचे अ. उ. आ.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून दुधाच्या गाडीवाल्याकडे पत्र देतोय. तात्या कोरोनातून उठून घरी आले, पण डावी पोटरी सुजून दगड झालीय. इंदापूरचे डॉ. संदेश म्हणतात की रोगाने रक्त घट्ट होऊन शिरेत गुठळी झाली. त्यांचा कंपाउंडर रोज येऊन पोटात इंजेक्शन टोचतो. तात्यांचं सगळं पोट काळंनिळं पडलंय गं! मी आजपासून इंजेक्शनं बंद केली. तात्यांना काही झालं तर त्या डॉक्टरचे हात मुळापासून उपटीन. तुमच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर काय म्हणतात ते कळव.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
विजयसिंह

बारामती, ४ मे

ती. दादांस शि. सा. न.

उपटायचंच असेल तर डाळिंबातलं गवत उपट, बागेला तरी उपयोग होईल. आमच्या मोठ्या डॉक्टरांचंही एकमत नाही. एक म्हणतात, दाखल होणाऱ्या प्रत्येकाला रक्त पातळ करणारं औषध द्या. दुसरे म्हणतात, तपासून द्या, नाहीतर रक्तस्रावानेच माणूस जायचा. पण गुठळी झाल्यावर औषध थांबवू नये, यावर कुणाचाच वाद नाही. पोट सुईने काळं पडतं. इंजेक्शन आजच सुरू कर.

आणि तात्यांना अजून तालमीतच असल्यासारखं वाटतं, पाय रगडून मागतील. कुणी हात लावायचा नाही. आईला नमस्कार.

रागावलास तरी माया कमी करू नकोस,
राजनंदिनी

लोणी देवकर, ९ मे

चि. राजनंदिनीस आशीर्वाद.

तात्यांच्या मातीला तू आलीस, पण त्या रडारडीत बोलता आलं नाही. तुझं पत्रही फोडलेलं नाही. मी सेवेत कमी पडलो नाही, एवढं तुला कळावं. गेले त्या संध्याकाळी तात्या म्हणाले की पोटरीत लई कळा येत्यात, आखाड्यातल्यावानी रगड. मी तेल लावून कोपराने रगडली. हलकं वाटतंय म्हणाले. उठून बसले, छाती धरली आणि तिथंच कोसळले. ओठ निळे पडले होते.

त्या इंजेक्शनानेच गेले. काल आम्ही त्या डॉक्टरला केबिनमधून ओढून काढलं. गावातल्या पोरांनी बरगड्यांत लाथा घातल्या. मी सलाईनच्या लोखंडी दांड्याने डोकं फोडलं. रक्त थांबता थांबेना. खोटं कशाला बोलू, बघून बरं वाटलं. आता तू डॉक्टर म्हणून लिहून दे, की औषधाने तात्यांना मारलं.

लवकर लिही,
विजयसिंह

बारामती, १० मे

ती. दादांस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. डॉ. संदेशना माझ्याच वॉर्डात आणलं. हाच रोग होऊन त्यांच्याही फुप्फुसात गुठळी झाली होती. रक्त पातळ करणारी गोळी ते स्वतः घेत होते, म्हणून रक्त थांबेना. कवटीत साचत गेलं. आज सकाळी ते गेले.

शुद्ध होती तोवर त्यांनी एवढंच विचारलं, की तात्यांचा पाय कुणी रगडला होता का. मी नाही म्हणाले. तुझं पत्र ते गेल्यावर, दुपारी आलं.

रगडल्याने गुठळी सुटली आणि छातीत जाऊन अडकली. तात्या तुझ्या हाताखाली गेले, दादा. माझा संताप होतो आणि तुझी कीवही येते. तू मागितलंस ते मी लिहून देणार नाही. पोलिसांना जबाब दिला आहे, त्यात तुझं नाव मीच घेतलं.

पळू नकोस, कुणावर हात उगारू नकोस. आईला दोन्ही मरणं तूच सांग, पोलिसांची गाडी दारात यायच्या आत.

तरीही तुझीच,
राजनंदिनी