रविवार, आठ ते दहा

मंगळवार, १७ जून २०२५

मिळाली! नातीच्या भेटीची ऑर्डर एकदाची मिळाली. दर रविवारी सकाळी आठ ते दहा, बालगृहातच, आणि फक्त अर्जदाराने. म्हणजे मी एकट्याने. बर्थाचं नाव नाही. कोर्टाच्या लेखी आजी म्हणजे कोणीच नाही वाटतं!

आमची लेक ग्लोरिया गेली तेव्हा जोआना, आमची जो, सहा वर्षांची होती. मग मेलरॉयने – जावई म्हणायची लाज वाटते – पिऊन पोरीचा हात मोडला. शेजाऱ्यांनी फोन केला आणि पोर बालगृहात गेली. शेजाऱ्यांनी केलं ते बरंच केलं. पण आजी-आजोबा जिवंत असताना तिने तिथे का राहायचं? ताबा मागून वर्ष होत आलं. घर बघायला येणारा माणूस अजून आमच्या गावी, गासला, फिरकलेला नाही.

आणि वार कुठला, तर रविवार! आठला चर्चमध्ये आमची मोठी मिस्सा. ऑर्गनवर मी असतो. ग्लोरियाच्या लग्नाला मीच होतो, तिच्या मयतालाही मीच. ख्रिस्ती माणसाला रविवारी सकाळी कुठे बोलावू नये, एवढंही यांना कळू नये?

गुरुवार, १९ जून

बर्थाशी वाजलं. म्हणते, "पाटेच्या मिस्साला जावा नि तसंच पोरीकडं जावा. ऑर्गन वाजवायला दुसरं कोन नाय का गावात?"

नाही! पुतण्याला, केविनला, शिकवतोय, पण त्याची बोटं अजून अडखळतात. शनिवार मागितला तर काय बिघडलं? आम्हाला कोर्टाकडून मिळालेल्या मोफत वकील विनया मॅडम बाळंतपणाच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी दुसरे "लवकरच" मिळणार. हे लवकर मार्चपासून चाललं आहे. शेवटी अर्ज मीच लिहिला. छान उतरला आहे. बर्थाला वाचून दाखवला, तर ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

शुक्रवार, २० जून

अर्ज दिला. शिक्का बसला. क्लार्कला विचारलं, या रविवारी तरी जाऊ ना? मान वर न करता म्हणाला, "वार बदलायचा अर्ज टाकलात ना काका? मग जुनी ऑर्डर थांबली. आता गेलात तर तुमच्यावरच शेकेल."

किती दिवस, विचारलं. "एखाद-दुसरी तारीख."

ठीक आहे. इतकं थांबलो, आणखी थोडं.

रविवार, २२ जून

वाजवलं. दोनदा चुकलो.

मंगळवार, ८ जुलै

फाईल सापडत नाही! हा टेबल म्हणतो त्या टेबलावर, तो म्हणतो रेकॉर्ड रूममध्ये, रेकॉर्ड रूमवाला जेवायला गेलेला. एका पोरीचं आयुष्य त्या पुठ्ठ्यात बांधलंय आणि तो पुठ्ठा कुणाच्या बुडाखाली आहे ते कोणालाच ठाऊक नाही. मी ओरडलो. पोलीस हवालदार म्हणाला, "अंकल, आवाज नको."

शुक्रवार, १ ऑगस्ट

फाईल सापडली. जजसाहेबांची बदली झाली. नवे कधी येणार? शिपायाने वर बोट दाखवलं – देवाला की वरच्या मजल्याला, कळलं नाही.

घरी आलो तर बर्था जोच्या फ्रॉकची शिवण उसवून कापड वाढवत होती. अंदाजाने. माप घ्यायला पोर नाही! वाडीत जाऊन केळीची पानं उगाच छाटत बसलो.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज तक्रार दिली. क्लार्कविरुद्ध, रेकॉर्ड रूमविरुद्ध, वकील न देणाऱ्यांविरुद्ध. एकेकाची हजेरी घेतली आहे. आता बघा कशी चक्रं फिरतात!

सोमवार, ८ सप्टेंबर

चक्रं फिरली. तक्रारीच्या चौकशीसाठी आमची फाईलच वर मागवली आहे. चौकशी होईपर्यंत ती खाली येणार नाही आणि फाईल नाही म्हणून तारीख नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आणि चढलाच, तर तोंड शिवून घ्यावं!

आज मरियामातेचा जन्मदिवस. लहान मुली फुलं घेऊन रांगेत आल्या. जोच्या वयाच्या. मी खाली पट्ट्यांकडे बघत वाजवत राहिलो. रडू येत होतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

बर्थाने आज धरलंच. "एक दिस त्या गेटावर जाऊन उबे तरी रावा. हाकलतील तर हाकलतील. पोरीला दिसाल तरी!"

म्हटलं, मनाई असताना गेलो आणि त्यांनी ते लिहून घेतलं, तर ताबा कायमचा जाईल. नियम म्हणजे नियम.

ती म्हणाली, "तुमी नि तुमचे नियम." आणि रात्री जपमाळेला माझ्या शेजारी बसली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

आतून मलाही जावंसं वाटतं. खूप वाटतं. पण भीतीही वाटते. झालं, लिहून टाकलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नव्या जजबाई. फाईल खाली आली. पुकारा झाला, उभा राहिलो. बाईंनी बालगृहाचा अहवाल वाचला: "अर्जदार आजोबा भेटीस येत नाहीत. मुलीबाबत आस्था दिसून येत नाही."

आस्था! म्हटलं, मॅडम, मला बंदी होती. त्या म्हणाल्या, "कोणाची बंदी? काही लेखी आहे?" मी क्लार्ककडे बघितलं. तो जून महिन्यातला नव्हताच, दुसराच कोणीतरी. "लेखी असेल ते पुढच्या तारखेला आणा." जानेवारी.

लेखी हवंय? लेखीच आणतो! येत्या रविवारी गेटावर जाणार. केविनला साक्षीला नेणार. आत सोडत नाहीत, हे त्यांच्याकडूनच लिहून घेणार आणि बाईंच्या टेबलावर ठेवणार. बर्थाला सांगितलं. तिने फ्रॉक पिशवीत घातला. म्हटलं, अगं, आत सोडणार नाहीत. तरी घातला.

रविवार, २३ नोव्हेंबर

आज मिस्साला ऑर्गन वाजला नाही.

आठच्या आधीच पोचलो. कोरा कागद, पेन, केविन – सगळी तयारी. गेटावरच्या बाईला नाव सांगितलं, इग्नेशियस, जोआनाचा आजोबा. तिने गेट सताड उघडलं. "या की. रविवारी तुमचीच तर वेळ असते. दर रविवारी या बाकावर बसायची बिचारी, वेण्या घालून. दहा वाजेपर्यंत उठायची नाही."

मग बाई फ्रॉकची पिशवी घेऊन आत गेली. बऱ्याच वेळाने आली. पिशवी हातातच होती.

"येत नाही म्हणते."