मुचादुरा, बस!

ती. मामांना,

रुवारशेचा गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. मामी कशा आहेत? तुमचा खोकला गेला का? हरवलेली काळी शेळी सापडली का? पुढे 'आम्ही इथे मजेत' असं लिहायचं असतं, पण आम्ही अजिबात मजेत नाही, आणि त्याला तुम्ही जबाबदार आहात.

कुत्रा दिलात, थँक्यू. पण नाव? आपल्याकडे कुत्र्याचं नाव म्हणजे शेजाऱ्याला टोमणा, हे मलाही माहितेय (समोरच्यांनी त्यांच्या कुत्र्याचं नाव 'काय वाकडं केलंत' ठेवलंय, ते कुणासाठी आहे ते आईला बरोबर कळतं). पण मी बोर्डिंगमधून कुत्र्यांच्या ट्रेनिंगचं पुस्तक घेऊन आले होते, त्या उत्साहात डोक्यातच आलं नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, आधी नाव घ्यायचं, मोठ्यानं, मग ऑर्डर द्यायची, रोज चाळीस वेळा. म्हणून मी रोज सकाळी कुंपणापाशी उभी राहून ओरडायचे, "मुचादुरा, बस! मुचादुरा, थांब!" म्हणजे 'तुम्ही कबूल कराल, बस! तुम्ही कबूल कराल, थांब!' आणि कुंपणापलीकडे शेजारचे मासुंदाकाका दात घासत असायचे!

सहा दिवस त्यांनी ऐकून घेतलं. सातव्या दिवशी घरी आले. "काय कबूल करू? सांगून टाका एकदाचं. आता माझी बायकोपण विचारायला लागलीये." मी म्हटलं, काका, मी कुत्र्याशी बोलत होते. तर म्हणे, "कुत्र्यानं ऐकलं का एकदा तरी? मग ऐकत कोण होतं?" (हे मला खोडता येईना. मुचादुरा तेव्हा त्यांच्याच चपलेवर झोपला होता.) आणि नांगरणीला बैल मिळणार नाहीत असं सांगून गेले! आपल्याकडे एकही बैल नाही, पाऊस आठवड्यावर आलाय, मक्याचं बी पोत्यातच. उशिरा पेरलं तर वर्षभर खायचं काय? आणि घरातले सगळे बघतात माझ्याकडे! मी काय केलं? कुत्र्याला 'बस' म्हटलं! नाव बदलायचं म्हटलं तर गाव म्हणेल, घाबरले.

तुमचीच (पण रागावलेली),
रुवारशे

ता. क. : राग बाजूला. शनिवारच्या बसनं या, प्लीज. मासुंदाकाकांना सांगा की हे नाव तुम्ही ठेवलंय, तुमच्या कुणासाठी तरी. तुमचं ते ऐकतील.

ता. क. २ : येऊ नका. आईला पत्र वाचून दाखवत होते, बाबा जेवत होते. 'तुमच्या कुणासाठी तरी' ऐकल्यावर त्यांनी मक्याच्या साद्झाचा घास खाली ठेवला. "तुझ्या मामांनी हे नाव कधी ठेवलं गं?" आई म्हणाली, "आपल्याला कुत्रा देताना. तुमच्याकडे बघत." बाबा हात धुवून थेट मासुंदाकाकांकडे गेले आणि नाव तुमच्यासाठी नाही, खुद्द बाबांसाठीच आहे म्हणून सांगून आले. का, तेही सांगितलं. काका इतके हसले की बैल उद्याच मिळतायत.

मामा, तुमची काळी शेळी हरवली नव्हती. गेल्या नाताळात आमच्याकडे जेवताना तिचा रस्सा तुम्हीच दोनदा मागून घेतलात.