वरच्या पंख्याला मोटर नसते

२२ सप्टेंबर, रविवार
आजपासून ऑटोगायरो. थर्माकोलचा, रिमोटवरचा. दिसायला हेलिकॉप्टरचा धाकटा भाऊ. मोटर फक्त पुढच्या पंख्याला. वरचा वाऱ्यानं आपोआप फिरतो, त्यावर यंत्र तरंगतं. लेक श्रद्धा दसऱ्याला येणार, मला पुण्याला न्यायला. तिची आई उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून बाबा नुसते बसून असतात म्हणे. उडता गायरो दाखवला की विषय संपला. माणूस बिझी आहे, इथं पूर्णा गावातच बरा आहे.

२५ सप्टेंबर
वरची पाती कापायची होती. बसलो. संध्याकाळ झाली. एवढा विचार केल्याशिवाय डिझाइन पक्कं होत नाही.

२९ सप्टेंबर
पाती तयार. एक जरा जड झालंय. फिरायला लागलं की काय कळतंय.
शेजारचे किशनराव विचारत होते, हे फवारणीचं ड्रोन हाय का, तुरीवर लय अळी पडलीय. त्यांना सगळं शास्त्र समजावलं. शेवटी म्हणाले, म्हणजे फवारत न्हाई.

४ ऑक्टोबर
घरामागच्या पडीक रानात पहिली टेस्ट. उडाला नाही. वरचा पंखा आधी हातानं फिरवून द्यायचा असतो, ते राहिलं. म्हणजे यंत्रात दोष नाही.
किशनरावांनी विचारलं, जेवलात का. आठवेना. हो म्हणालो.

८ ऑक्टोबर
उडाला! किशनरावांच्या तुरीपर्यंत. तिथंच उतरला, म्हणजे पडला. पातं चिकटवलं. आनंद व्हायला पाहिजे होता. होईल.

१२ ऑक्टोबर, दसरा
स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा राजेश्री करायची. ती जाऊन वर्ष झालं नाही, सण करायचा नाही. पण यंत्राला कुठलं सुतक? गायरोला हळदकुंकू लावलं. वरच्या पंख्याच्या दांड्याला लाल नाडा बांधला, ती बांधायची तसा, गाठीवर गाठ. श्रद्धा दारातून बघत होती. इम्प्रेस झाली असावी.

१३ ऑक्टोबर
वारा फर्स्टक्लास. पंखा हातानं फिरवला, गायरो सोडला. वर गेला, नाड्याचं टोक पात्यात अडकलं, पंखा थांबला. धोंड्यासारखा खाली आला. श्रद्धाला म्हणालो, नाडा काढला की उडतोय बघ. गाठ सुटेना. ती कात्री घेऊन आली. कापू दिला नाही. चांगला नाडा कशाला वाया घालवायचा?

१४ ऑक्टोबर
पुण्याला निघालोय. दहा-पंधरा दिवसांसाठीच. घराची किल्ली किशनरावांकडे दिली. त्यांनी विचारलं, भाडेकरू बघू का.
बघा म्हणालो.