बद्रीनाथरावांचा पायगुण

गारखेडा, मंगळवार

प्रिय मित्र बद्रीनाथराव यांस दत्तोपंताचा मनापासून नमस्कार.

वेरूळला सगळी मंडळी खुशाल असतील आणि तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही ठीक, नळ तेवढा कोरडा. (हे फोनवर सांगितलं असतं, पण घरात सौ. उमा ऐकते.) आडपडदा न ठेवता लिहितो. रविवारी आमच्या मनस्विनीचा साखरपुडा आहे आणि तुम्ही यायचं नाही.

रागावू नका. सगळी नोकरी शेजारच्या टेबलावर काढलेल्या माणसाला असं लिहिताना हात जड होतो. पण दोनदा तुम्ही आलात आणि त्याच संध्याकाळी नळाला पाणी आलं, तेव्हापासून आमची गल्ली तुमचा पायगुण मानते. मी म्हटलं, हा योगायोग आहे. दिवाळीत बद्रीनाथराव आले तेव्हा थेंब नव्हता, अंघोळीला टँकर मागवावा लागला, हेही सांगितलं. त्यावर समोरच्या सारजाबाई शांतपणे म्हणाल्या, "तवा ते आलेच नव्हते." उमानेही मान डोलावली. तुम्ही चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खाल्लेत, हे माझ्याशिवाय कुणालाच आठवत नाही. (खाल्लेत ना?)

मग मी हट्टाला पेटलो. गेल्या गुरुवारी, पाण्याची पाळी नसताना, तुम्हाला जेवायला बोलावलं ते यासाठी. तर तुम्ही चप्पल काढता काढता चौकातली पाइपलाइन फुटली (रस्ता रुंद करायला खोदत होते) आणि लोक हंडे घेऊन धावले. एवढ्या दुष्काळात सारजाबाईंनी तुमच्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आता रविवारीही तसंच झालं, तर या गल्लीत योगायोग म्हणणारा मी एकटाच उरेन, आणि तोही फार दिवस टिकणार नाही. म्हणून माझा निश्चय पक्का आहे.

तुमचाच,
दत्तोपंत

ता. क. आज टाकीने तळ गाठला. टँकरवाला रविवारचं नाही म्हणतो. उमा रिकाम्या बादल्या ओळीने मांडते आहे, ते मला बघवत नाही. शनिवारी मुक्कामालाच या. आत येताना उजवा पाय आधी ठेवा. (माझा विश्वास नाही.)

आणखी एक. पाणी आलं नाही, तर तुम्ही आलाच नव्हतात असं सगळे सांगतील. माझंही वय होत चाललंय, कदाचित मीही सांगेन. म्हणून फोटोत मनस्विनीच्या अगदी शेजारी बसा. पाणी येवो न येवो, माझ्या लेकीच्या साखरपुड्याला तुम्ही होतात, हे मला आठवायला हवं.