शेवटच्या दोन रांगा

प्रिय दिवेवाल्या,

तुझ्या जागी आलेला माणूस चांगला आहे. दिवे वेळेवर लावतो, वेळेवर विझवतो, आणि मध्यंतरात केबिनमधून खाली उतरत नाही. नाटक बघायची हौस नाही, असं तोच सांगतो. मॅनेजरसाहेब मात्र होते तसेच आहेत. परवा तुझा विषय निघाला तेव्हा म्हणाले, गेला तो गेला, निदान रुसून नाही गेला. मी मान हलवली.

बातमी अशी की मागच्या दोन रांगांचा घोळ सापडला. बाहेर हाऊसफुलची पाटी लागायची आणि त्या दोन रांगा रिकाम्या असायच्या, आठवतं ना? मॅनेजरसाहेबांना वाटायचं, त्या तू दिव्यांसाठी अडवून ठेवल्यास. तुला वाटायचं, त्यांनी पाहुण्यांसाठी राखल्यात. कोणी कोणाला विचारलं नाही. नायिकेचं काम करणाऱ्या ताई तर म्हणायच्या, मी रडते ते कोणासाठी, मागे भुतं बसवलीत का. मग तू वरून म्हणायचास, बसू द्या हो, ती मध्येच उठून तरी जात नाहीत.

तिकिटांच्या प्रोग्राममध्ये रांगांचा एक अ‍ॅरे आहे, म्हणजे एका नावाखाली ओळीने मांडलेले, क्रमांक घातलेले कप्पे. रंगमंच पुढे वाढवला तेव्हा पहिल्या दोन रांगा काढल्या, म्हणून त्याची खालची सीमा तीन झाली. वरची वीसच राहिली. तीन ते वीस, म्हणजे आकार अठरा. माझ्या आधीच्या माणसाने त्या आकारालाच शेवट मानलं. मोजणी एकपासून असती तर ते चाललंही असतं. इथे विक्री तीनला सुरू होऊन अठराला थांबायची. एकोणीस आणि वीस जागच्या जागी होत्या, फक्त त्यांच्यापर्यंत कोणी जात नव्हतं.

हे मला बरंच आधी दिसलं होतं. दुरुस्ती एवढीशी: आकारावर जायचं नाही, अ‍ॅरेलाच त्याची वरची सीमा विचारायची. मी ते लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मॅनेजरसाहेब रोज डोकावायचे, काय संगणकबाई, झालं का. मी म्हणायचे, तपासतेय. आणि संध्याकाळी विसाव्या रांगेत जाऊन बसायचे, भिंतीकडच्या खुर्चीत. शेजारची खुर्ची, मध्यंतरात तू येऊन बसायचास ती, आपोआप मिटते, म्हणून तिच्यावर पर्स ठेवायचे. नाटक कोणतं चाललंय याकडे लक्ष नसायचं. मध्यंतरात केबिनचं दार वाजलं की मान वळायची. तो माणूस वारा यावा म्हणून दार उघडतो.

काल दुरुस्ती चालू केली. आज विसाव्या रांगेत एक जोडपं आलं. मी सवयीने बसलेली होते. त्या बाईंनी हळूच विचारलं, ताई, ही तुमची जागा आहे का. मी नाही म्हटलं, पर्स उचलली आणि उठले.

म्हणून हे पत्र. जाताना कधी येशील ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. समजा न कळवता आलास, चालू प्रयोगात आत शिरलास, तर अंधारात मागे चाचपडू नकोस. तिथे आता दुसरी माणसं असतील. बाहेर तिकीटखिडकीवर विचार. मी ऑफिसात असते, प्रयोग संपेपर्यंत.

तुझीच,
संगणकबाई