दोन हजार अक्षरांचं वर्तुळ

प्रिय पिटुकले,

आधी माझ्यावर कोसळलेल्या संकटाची रीतसर नोंद घे. आमच्या संपादकाने माझं सदर कापलं आहे. बंद नाही केलं. बंद केलं असतं तर चार लोक हळहळले तरी असते. नुसतं कापलं. यापुढे दोन हजार अक्षरं, त्यावर एक वेलांटी चालणार नाही, असा हुकूम आहे आणि उरलेल्या जागेत गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात येते. आता तूच सांग, एखाद्याची फजिती करायची म्हणजे आधी त्याला प्रेमाने खुर्चीवर बसवावं लागतं, चार गोष्टी विचाराव्या लागतात आणि मग खुर्ची ओढायची असते. दोन हजारांत माणूस बसेपर्यंतच लेख संपतो. मी तावातावाने संपादकाच्या खोलीत शिरलो आणि विचारलं, एवढ्याशा जागेत कुणी जगून दाखवलंय का? तोंडातून शब्द गेले आणि मला तुझी आठवण झाली. मी आलो तसा मुकाट्याने बाहेर पडलो. संपादक अजून समजतो की त्याने मला गप्प केलं.

जगून दाखवलंय, हे तूच मला सांगितलं होतंस. गेल्या खेपेला आलीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बरणीच्या झाकणाची रबरी रिंग पडली होती. ती उचलून म्हणालीस, दादा, हा बघ माझा विषाणू. याच्या अंगातला सगळा मजकूर मिळून सुमारे दोन हजार अक्षरांचा, आणि तोही असा गोल. ना सुरुवात, ना शेवट. त्यात ठळक वाक्यं दोनच. एक म्हणतं, माझी नक्कल करा. दुसरं म्हणतं, मला कोट शिवा. मी म्हटलं, आमच्या कचेरीतले निम्मे लोक याच दोन वाक्यांवर निवृत्तीपर्यंत पोचतात. तू हसलीस, पण थांबली नाहीस. रिंगेवर बॉलपेनने बाण काढून दाखवलेस. एक वाक्य घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वाचायचं, दुसरं उलट्या दिशेने, त्याच मजकुराच्या आरशातल्या प्रतीवर. शिवाय एके ठिकाणी केसांच्या पिनेसारखा एक छोटा उंचवटा, नक्कल तिथून सुरू होते आणि रिळावरून दोरा सुटावा तशी गोल फिरत बाहेर येते. मी एवढी वर्षं लिहून खातोय, पण मागून वाचलं तरी वेगळा आणि खरा अर्थ लागेल असं एक वाक्य मला साधलेलं नाही. मी ती रिंग बराच वेळ बोटात फिरवत बसलो होतो.

मग तू ती रिंग घेऊन बाबांकडे वळलीस. चतुर किड्याच्या पोटात, समुद्राच्या पाण्यात, गटारात, मातीत, कुठे कुठे ही वर्तुळं सापडतात ते सांगत राहिलीस. तुझा चेहरा नुसता उजळला होता. आणि बाबा मध्येच ‘बरं’ म्हणाले, उठले आणि आपल्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाकडे निघून गेले. तू रिंग होती तिथे ठेवलीस. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी गेलीस. त्यानंतर फोनवरही तेच व्हायला लागलं. तू काही सांगणार, ते ‘हं, बरं, दादाशी बोल’ म्हणून फोन माझ्या हातात कोंबणार. पुढे पुढे तू त्यांची चौकशीसुद्धा माझ्याकडेच करायला लागलीस. यावर मी आत्ता काही बोलत नाही. आधी हवालदाराची बातमी देतो.

हवालदार बरा आहे, हे प्रथम सांगतो, म्हणजे पुढचं धीराने वाचशील. शाळेत असताना कुणाकडून तरी ओंजळीतून आणलेला तुझा तो पोपट आता चांगलाच वयस्कर झालाय, पण दारावरची ड्यूटी सोडत नाही. बेल वाजली की अजून तुझ्या तेव्हाच्या आवाजात ओरडतो, ‘ओ बाबा, मी आले!’ दूधवाला आला तरी तेच, मीटर बघणारा आला तरी तेच. आणि टेबलावरून मान वर न करता बाबा म्हणायचे, ‘ये.’ नवख्या पाहुण्यांना वाटायचं, घरात शाळकरी मुलगी आहे.

मध्यंतरी या हवालदाराचा गणवेश गळायला लागला. आधी छाती उघडी पडली, मग मान. पक्ष्यांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने विष्ठेचा नमुना घेतला, पिसाचं मूळ घेतलं, आणि दोन दिवसांनी आला तो चेहरा पाडूनच. बाबांना सगळं समजावलं, बाबांनी मान डोलावली. मग मला जिन्यात नेऊन तेच स्पष्ट शब्दांत सांगितलं. पोपटांची पिसं आणि चोच खाणारा एक विषाणू असतो, तुझ्याच त्या गोल खानदानातला. त्यावर औषध नाही. पिसांच्या धुळीतून तो दुसऱ्या पक्ष्यांना लागतो. तपासणीत तो असल्याची रेघ उमटली होती. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे पिंजराभर इवलीशी पाखरं आहेत. तेव्हा सुई देऊन कायमचा झोपवलेला बरा, असं त्याचं म्हणणं. शिवणवाल्या बाईंना कळलं तेव्हा त्या पिंजरा उचलून मागच्या खोलीत घेऊन गेल्या आणि मला जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘दादा, माझ्या पाखरांना काही झालं ना, तर मी तुमच्या सदरात नाही, तुमच्या दारात येऊन बसेन.’ तरी रोज संध्याकाळी खाली वाकून विचारायच्या, काय म्हणतोय रोगी?

पण डॉक्टर भला माणूस. पायरी उतरता उतरता थबकला. म्हणाला, एक शंका आहे. ही झटपट तपासणी त्या नक्कल करणाऱ्या वाक्यातला एक छोटा तुकडाच बघते, आणि तो तुकडा साऱ्या खानदानात थोडाफार सारखा असतो. रेघही विष्ठेत उमटलीय, पिसाच्या मुळात नाही. सुई द्यायच्या आधी पूर्ण वर्तुळ वाचून घेऊ. ते वाचणारी एकच जागा आहे, असं म्हणून त्याने तुझ्या प्रयोगशाळेचं नाव घेतलं. मी नुसतं ‘पाठवा’ म्हटलं. पाकिटावर गेलं ते एवढंच : पाळीव पोपट, नर, वयस्कर. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू त्या अक्षरांकडे रडक्या डोळ्यांनी बघितलं असतंस. मला तुझे कोरडे डोळे हवे होते.

वाट बघण्याच्या दिवसांत बाबांनी आपलं स्टूल पिंजऱ्याशेजारी नेलं. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. जेवायलासुद्धा तिथेच. एकदा मला म्हणाले, सुई द्यायचीच झाली तर मी धरीन त्याला, दुसऱ्या कुणाच्या हातात नको. मी त्या दिवशी लिहायला बसलो आणि एकही टोमणा सुचला नाही.

मग तुझा अहवाल आला. डॉक्टरने मला तो ओळीओळीने उलगडून सांगितला आणि मी कितीदा तरी पुन्हा सांगायला लावला. नक्कल करण्याचं वाक्य त्या बदनाम खानदानाशी जुळणारं, पण कोटाचं वाक्य साफ परकं. ते मिळतंजुळतं कुणाशी, तर धान्यातल्या किड्यात सापडणाऱ्या कुठल्याशा वर्तुळाशी! एकाच जातीचं म्हणायला अख्खं वर्तुळ पाचात चार हिस्से तरी जुळावं लागतं, इथे निम्मंही जुळत नव्हतं. म्हणजे हा तो मारेकरी नव्हेच. हा कुणी निराळाच, अजून नावही न मिळालेला. दाण्यातल्या किड्याबरोबर आत आलेला आणि विष्ठेबरोबर बाहेर निघालेला वाटसरू.

पिटुकले, मी त्या कागदासमोर लहान झालो. कधीतरी, कुठल्याशा किड्याच्या पोटात, अशी दोन वर्तुळं शेजारी शेजारी आली असतील. नक्कल चालू असताना एकाचा धागा तुटला असेल, दुसऱ्याला जुळला असेल, आणि एक जण दुसऱ्याचा कोट घालून चालू लागला असेल. बघायला कुणी नव्हतं. त्याला स्वतःलाही काही कळण्याची सोय नव्हती. आणि इतक्या काळानंतर माझी बहीण कुठल्याशा खोलीत बसून ती अक्षरं एकेक करून वाचते आणि सांगते, याच्या अंगावरचा कोट याचा नाही. तेवढ्या वाक्यावर आमच्या दारातला एक जीव वाचतो. मी आयुष्यभर मजकूर विकला, पण मजकुराचा धाक मला पहिल्यांदा वाटला. उंच छताखाली उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं झालं.

राहिला प्रश्न पिसांचा. डॉक्टर म्हणाला, मग हा स्वतःच उपटतोय. पोपट एकटा पडला की असं करतो. हाकेला उत्तर मिळायचं थांबलं आहे का? मी सांगणार होतो की छे, बाबा दिवसभर शेजारीच असतात. तेवढ्यात बेल वाजली. हवालदार ओरडला, ‘ओ बाबा, मी आले!’ पुन्हा ओरडला. मग मान वळवून छातीला चोच मारली. बाबा हातभर अंतरावर बसून घड्याळात काटा बसवत होते. त्यांनी ते घड्याळ उचललं, कानाला लावलं नाही, दातांत धरलं. टिकटिक दातांतून कळते का ते बघत होते. हे मी कित्येकदा पाहिलं होतं आणि म्हातारपणाची लहर म्हणून सोडून दिलं होतं.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर ते आपणहून बोलले. म्हणाले, पोरगी त्या दिवशी एवढं भरभरून सांगत होती आणि मला नुसते ओठ हलताना दिसत होते. जरा मोठ्याने बोल म्हणायची लाज वाटली रे, म्हणून उठलो. तुला राग आला असेल, असंही ते म्हणाले. मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, तिला वाटलं तुम्हाला राग आला. यावर ते मला नेहमीच्या आवाजात ‘गाढव’ म्हणाले. दोघांपैकी कुणाला ते सांगितलं नाही.

आता कानात यंत्र आहे. पहिले दोन दिवस ताटलीच्या आवाजावरसुद्धा खेकसले. तिसऱ्या दिवशी बेल वाजली, हवालदार ओरडला आणि बाबांच्या हातातला चिमटा खाली पडला. मग म्हणाले, ‘ये.’ तेव्हापासून छातीवर हिरवं फुटायला लागलंय.

हे पत्र का लिहितोय ते आता सांगतो. काल तुझा अहवाल त्यांच्या हाती दिला, कुठून आलाय ते न सांगता. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि त्यातलं गोल चित्र घड्याळ तपासावं तसं तपासलं. एक बाण सुलटा, एक उलटा. एवढ्याशा जागेत दोन्हीकडे चालतं? असं स्वतःशीच पुटपुटले. हे सुरू कुठून होतं, त्यांनी विचारलं. मी वरच्या बाजूचा तो पिनेसारखा उंचवटा दाखवला. म्हणाले, म्हणजे ही चावी. मग भिंग काढलं आणि म्हणाले, घड्याळाच्या चित्रात चावी अशी बाराच्या डोक्यावर काढणारी मी एकच पाहिली आहे; तिला लहानपणी किती वेळा सांगितलं, मनगटी घड्याळाची चावी तीनवर असते, पण ऐकेल तर शपथ. मग हवालदाराकडे बघत मला विचारलं, ‘हा बिचारा जुनंच बोलतो. तिचा आताचा आवाज कसा आहे रे?’ ते तूच ऐकवायला हवं. फोनवर ते यंत्र शिट्ट्या मारतं, तेव्हा फोन नको. ये. समोर बस आणि चतुराच्या पोटापासून सगळं पुन्हा सांग.

अहवालाच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरांत विनंती केली आहे, की पक्षी वाचला तर नवीन आलेलं एक पीस तुलनेसाठी पाठवावं. डॉक्टर म्हणतो, आजवर कुणीही पाठवलेलं नाही. बाबांनी आज सकाळी पिंजऱ्यात पडलेलं एक नवं हिरवं पीस निवडलं, बारीक चाकं ठेवतात त्या पातळ कागदात घडी घालून बांधलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. ते या पाकिटात आहे.

तुझाच,
दादा