पातेलं कोणाच्या पाठीवर

मंगळ., २० जाने.
विनयचं नाव न विचारताच देऊन टाकलं. आमच्या ग्रुपमधला सातवा माणूस ऐनवेळी गळला, घरात लग्न निघालं म्हणे. ट्रेकिंग चॅलेंज आहे, चार दिवस, चार चढाया: हरिश्चंद्रगड, रतनगड, कुलंग आणि २६ ला कळसूबाई. सातही जण चारही माथ्यांवर पोचले तरच संघ पूर्ण, नाहीतर पदक नाही. सी विंगचा अभय, आमचा लीडर, त्याने विचारलं कोणी मिळेल का. म्हटलं, आहे घरात एक, नवरा.
वि. कल्याणला शाळेच्या ऑफिसात. खुर्ची, फाइल, चारचा वडापाव. रात्री सांगितलं तर म्हणाला, तुला बरं वाटणार असेल तर येतो. मी म्हटलं, पोट कमी करायला ये, माझ्यासाठी नको. कोलशेतला जाऊन बूट मीच आणले.

शुक्र., २३ जाने. हरिश्चंद्रगड
पाय ठीक. मी तिसरी. वि. शेवटचा, ते ठरलेलंच होतं.
ग्रुपची जुनी पद्धत: माथ्यावर सगळ्यांचा एकत्र चहा. स्टोव्ह अभयकडे, आणि पातेलं आदल्या दिवशी जो शेवटी पोचला त्याच्या पाठीवर. हे पातेलं सोसायटीच्या गणपतीतलं, जाड बुडाचं, एकट्याने उचलताना कंबर आठवते. पहिल्या दिवशी नवीन माणसाने न्यायचं, म्हणजे वि.नेच. तो पाऊण तास मागे. वर वारा, आलं ठेचून तयार, साखर तयार, पातेलं खाली कुठेतरी. सगळे मिळून त्याला शिव्या.
रुपाली (बँकेतली, माझी मैत्रीण) म्हणाली, हे उलटं नाही का, सगळ्यात पुढे असतो त्याने न्यावं. चहा तरी वेळेवर होईल. मी म्हटलं, मग मागच्याला लाज कशी वाटणार? सगळे हसले. मलाही बरं वाटलं, खरं सांगायचं तर.
गावात एका घरी उतरलोय. जेवण झाल्यावर दुसरी पद्धत: पातेलंवाल्याची नक्कल. अभयने वि.ची चाल केली, दर चार पावलांवर कमरेवर हात, झाडाकडे असं बघायचं की जणू झाडासाठीच थांबलोय. सगळे पोट धरून हसले. वि. पण हसला.

शनि., २४ जाने. रतनगड
पातेलं परत त्याच्याकडे. जड म्हणून मागे, मागे म्हणून जड. हे कोणाच्याच लक्षात येत नाही, किंवा सगळ्यांच्याच येतं. सॅकवर दोरीने बांधलंय, लोखंडी शिडीला लागून ठणठण वाजतं. खालून आवाज आला की वर सगळे म्हणतात, आला.
वर कल्याणचा एक ग्रुप होता. कडक तयारीची माणसं, एक बाई तर एकटीच चाळीस किल्ले करून आलेली. माझ्याशी छान बोलत होती. तेवढ्यात वि. वर आला, लाल तोंड, शर्ट चिकटलेला, पाठीवर ते काळं धूड. तिने विचारलं, हे तुमच्यातलेच का? मी म्हटलं, आमचा स्वयंपाकी आहे तो.
का म्हटलं कोण जाणे. पटकन गेलं तोंडातून. ती म्हणाली, बरं आहे बाई तुमचं, स्वयंपाकी घेऊन फिरता. वि. दोरी सोडत होता, पाठ आमच्याकडे. त्याने ऐकलं नसावं. वारा होता.
संध्याकाळी नक्कल करायची पाळी माझी. त्याचं घोरणं केलं, मग शाळेच्या ऑफिसात तो फोनवर कसा ‘हो सर, हो सर’ करतो ते. हे घरचं होतं, करायला नको होतं. पण टाळ्या पडल्या.

रवि., २५ जाने. कुलंग
मेले. ही चढण माणसाची नाही. अर्ध्यात पोटरीत गोळा आला, पुढचे सगळे निघून गेले. अभय वरून ओरडला, मेधा, वि.च्या पुढे राहा म्हणजे झालं.
मागून ठणठण आली. वि. पोचला. खाली बसून पोटरी चोळली, पाणी दिलं. मग वरपर्यंत माझ्या मागे राहिला, पातेल्यासकट. शेवटच्या कातळातल्या पायऱ्यांवर मी पार बसलेच. तो सहज पुढे जाऊ शकला असता, मग उद्याचं पातेलं माझं. बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, जा तू. मी गेले. मागे वळून बघितलंही नाही.
जेवल्यावर अभय म्हणाला, आज पातेलंवाल्यानेच नक्कल करायची. मला वाटलं तो हात जोडेल. उठला. माझी ओढणी घेतली, खांद्यावर टाकली, मान तिरकी केली. मी नवीन माणसाशी बोलताना करते तशी, हुबेहूब. आणि माझ्या आवाजात म्हणाला, ‘आमचा स्वयंपाकी आहे तो.’
सगळे हसले. त्यांना वाटलं काहीतरी गंमत आहे, पुढे काय म्हणून बघत राहिले. पुढे काही नव्हतं. ओढणी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली आणि भांडी घासायला बाहेर गेला. रुपाली म्हणाली, कळलं नाही गं मला. मी म्हटलं, मलाही नाही.

सोम., २६ जाने. कळसूबाई
सुट्टी, म्हणून गर्दी. शिड्यांवर रांग. सकाळी म्हटलं, आज पातेलं मी घेते. तो म्हणाला, पद्धत मोडायची नाही. बाकीच्यांसमोर काय बोलणार.
वर झेंडा, फोटो, सात डोकी मोजून झाली. संघ पूर्ण. वि. आल्या आल्या स्टोव्हपाशी बसला, कोणाला हात लावू दिला नाही. चहा गाळून एकेकाला हातात नेऊन दिला. अभयला, रुपालीला, सगळ्यांना नावाने. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आला. दोन्ही हातांनी पेला पुढे धरून म्हणाला, ‘घ्या मॅडम.’
अभय हसून कोसळला. म्हणाला, वि. फॉर्मात आलाय. मी चहा घेतला. साखर बरोबर माझ्याएवढी, अर्धा चमचा.
गाडीत तो पुढे ड्रायव्हरशेजारी. माझ्या शेजारची सीट मी सॅक ठेवून धरली होती. शहापूरपर्यंत त्याची वाट बघून ती सॅक खाली ठेवली.

बुध., २८ जाने. घर
पदक आलं. हॉलमध्ये कुठे लावायचं विचारलं तर म्हणाला, तुम्ही म्हणाल तिथे.
दोन दिवस हेच. सकाळी ट्रेमध्ये चहा. डबा भरलेला, पोळ्या मऊ. ‘निघताय का मॅडम.’ आवाज चढत नाही, चेहरा हसरा. आई फोनवर म्हणाली, जावई किती करतात गं तुझ्यासाठी. भांडला असता तर मला जमलं असतं. भांडणात मी हरत नाही.
काल रात्री म्हटलं, विनय, पुरे आता. तो म्हणाला, मीठ कमी झालंय का?
अभयचा मेसेज: मार्चमध्ये पुढचं चॅलेंज, सहा शिखरं, जोडी नक्की ना? वि.ला दाखवला. त्याने वाचला, हात पुसले आणि म्हणाला, ‘मला विचारायची काय गरज, तुम्ही नाव देऊन टाका.’
अभयला अजून काही कळवलेलं नाही. पातेलं आमच्याच ओट्यावर आहे, घासून लख्ख. सोसायटीच्या ऑफिसात नेऊन द्यायचंय. आज उचलून बघितलं.